पत्रे काढून ठेवा, पोहरा शोधून ठेवा

पुण्याहून एकाने विचारलंय. आईवडील दापोली तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पश्चिमेला तोंड. पुढे पडवीला लोखंडी पत्रे, मागे परसात सात-आठ माड, आणि घराच्या दक्षिणेला पंधरा फुटांवर मोठा फणस. वादळ परवा दुपारपर्यंत किनाऱ्याजवळ येणार असं हवामान खात्याने सांगितलंय. प्रश्न तीन : छपरावर वाळूच्या गोण्या टाकाव्यात का, फणस तोडावा का, आणि आईवडिलांना पुण्याला आणावं का.

मी या पट्ट्यात सव्वीस वर्षं छपरांची कामं करतोय. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, त्यानंतरची दोन वर्षं मी उडालेली छपरं परत बसवण्याशिवाय दुसरं काम जवळजवळ केलं नाही. त्यामुळे कुठलं छप्पर राहिलं आणि कुठलं गेलं, हे वर चढून, हात लावून पाहिलेलं आहे. त्या अनुभवातून सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो. दोन दिवसांत घर मजबूत होत नाही. ते काम दिवाळीनंतर, सुका हंगाम असताना करायचं. आता ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : घरातलं आणि वाडीतलं काय उडू शकतं, ते कुणावर पडू शकतं, आणि वारा चालू असताना माणसं नेमकी कुठे बसणार. तुमचे तिन्ही प्रश्न यातच येतात.

गोण्यांपासून सुरू करू. वारा छपराला खाली दाबतो अशी आपली समजूत असते, म्हणून वर वजन ठेवायचं सुचतं. प्रत्यक्षात वारा पाखावरून, म्हणजे छपराच्या उतारावरून, जाताना पत्रा वर ओढला जातो, आणि पडवी तीन बाजूंनी उघडी असेल तर खालूनही वारा भरतो. म्हणजे वरून ओढ आणि खालून ढकल. शिवाय हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वारा दुप्पट झाला की जोर चौपट. ‘निसर्ग’च्या वेळी ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा आणि १२० चे झोत होते. १२० च्या झोताला एका चौरस मीटरवर साधारण ६५ ते ७० किलोचा जोर येतो. दहा फुटी पत्र्याचा हिशेब केलात तर दोनशे किलोच्या वर जातं. पत्रा स्वतः पंधरा-एक किलोचा. त्यावर पंचवीस किलोच्या दोन गोण्या टाकून काय होणार?

पत्रा धरून ठेवतो तो जे-बोल्ट, म्हणजे पाइपला अडकवलेला आकड्यासारखा बोल्ट, आणि त्याचा वायसर, म्हणजे त्याखालची चकती. खारी हवा असल्यामुळे आपल्याकडे पाच-सात वर्षांत वायसरभोवती पत्रा गंजतो. बोल्ट शाबूत असतो, पण त्याच्याभोवती पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलेलं असतं, आणि झोत आला की पत्रा बोल्टवरून काजासारखा निसटतो. निसर्गानंतर मी कितीतरी घरांवर नुसते बोल्ट ओळीने उभे पाहिले, पत्र्यांचा पत्ता नाही. वडिलांना शिडी लावायला सांगू नका, पण एखाद्या तरुण मुलाला खालून बॅटरी मारून बघायला सांगा. वायसरच्या कडेने उजेड दिसला तर तो पत्रा गेला असं समजा.

म्हणून माझा सल्ला लोकांना आवडत नाही, तरी देतो : पडवीचे पत्रे उद्या काढून ठेवा. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. काढलेले पत्रे अंगणात एकावर एक आडवे रचायचे आणि वर चार-सहा चिरे. पडवी भिजेल, ओटीपर्यंत पाणी येईल, येऊ द्या. पडवी उडते तेव्हा एकटी जात नाही. तिचे पाइप मुख्य घराच्या वाशांना जोडलेले असतात, ती जाताना कडेचे वासे उचकटते, कौलांची खालची ओळ सुटते, आणि मग पूर्ण पाख उघडा पडतो. आमच्याच वाडीत पडवीमुळे गेलेली चार छपरं मी बसवली आहेत. पडवी नसलेलं शेजारचं तितकंच जुनं घर पाच-पन्नास कौलांवर निभावलं.

पत्रे काढायला माणूस मिळालाच नाही, तर गोण्या टाका, पण डोकं लावून. वाळू भरलेल्या आणि तोंड शिवलेल्या गोण्या, दोन-दोन दोरीने जोडून, पाइपच्या रेषेवर आणि कडेला. मोकळा चिरा किंवा दगड वर कधीही ठेवू नका. पत्रा उचलला की तो पंचवीस-तीस किलोचा चिरा घसरत कुणाच्या तरी अंगावर येतो.

मुख्य घराच्या कौलांचं काय? मंगलोरी कौल आपल्या वजनाने बऱ्यापैकी बसून राहतं, आणि कौलांच्या फटींतून हवा खेळत असल्याने आतबाहेरचा दाबही थोडाफार सारखा होतो. जातात ती कडेची कौलं आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे अगदी वरच्या कण्यावरची कौलं, तिथून वारा शिरला की पुढची ओळ पत्त्यांसारखी उलटते. कौलाच्या खालच्या बाजूला, रिपेला (कौलाखालच्या आडव्या लाकडी पट्टीला) अडकणाऱ्या खुटीला, एक बारीक भोक असतं. ते तारेसाठीच आहे, आपण वापरत नाही. पाखाच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडा तेवढ्या बांधणीच्या तारेने रिपांना बांधल्या तरी खूप फरक पडतो. घरात माळा असेल तर तिथून हात पोचतो, वर चढायची गरज नाही. आमच्याकडे कोळीवाड्यात जुनी जाळी कौलांवर टाकून खाली खुंट्यांना ताणतात. दिसायला गबाळं, पण कौल फुटलं तरी तुकडे उडत नाहीत. खाडीकाठी राहता तर जुनं जाळं मिळायला अडचण नसावी.

आता फणस. याचं उत्तर वारा कुठून येणार यावर आहे, आणि ते वादळाच्या वाटेवर अवलंबून. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात. वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकत तुमच्या वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, लागणार असेल, ‘निसर्ग’ दापोलीसाठी तसंच होतं, तर वारा आधी पूर्वेकडून म्हणजे डोंगराकडून येतो, मग दक्षिणेला फिरतो, आणि शेवटी नैऋत्येकडून समुद्राचा वारा अंगावर येतो. ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये आपल्या समोरून समुद्रातूनच निघून गेलं, १७ मेच्या रात्री गुजरातला लागलं, तरी इकडे वाऱ्याचा क्रम हाच. उलट वादळ तुमच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तर वारा पूर्वेकडून ईशान्येला आणि मग उत्तरेला फिरतो. म्हणून बातमीत वेग जितका बघता तितकंच नकाशावरची रेषा तुमच्या गावाच्या वर लागतेय की खाली, हेही बघा. रेषा शेवटच्या दिवशीही सरकते, तेवढी सूट ठेवा. खुणेसाठी एक जुनी युक्ती आहे : वाऱ्याला पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात पसरायचा, वादळाचं केंद्र साधारण त्या अंगाला.

तुमचा फणस दक्षिणेला आहे. दक्षिणेचा वारा लागला तर तो सरळ घरावर येणार. परसातले माड पूर्वेला, त्यांना सुरुवातीचाच वारा घराकडे ढकलेल, आणि तो सहसा सर्वांत कमी जोराचा. शिवाय माड वाकतो, त्याचा शेंडा वारा सोडून देतो. फणस आणि आंब्याचा डेरा म्हणजे शीड. मुळाशी माती पावसाने मऊ झाली की अख्खं झाड मुळासकट उलटतं. निसर्गात पन्नास-साठ वर्षांची कलमं अशीच झोपली.

तरीही फणस आता तोडू नका. दोन दिवसांत घाईने, भाड्याची मशीन घेऊन आलेल्या मुलांकडून घराजवळचं मोठं झाड पाडणं हा वादळापेक्षा मोठा धोका. घराच्या बाजूच्या, छपरावर झुकलेल्या दोन-तीन फांद्या उद्या संध्याकाळपर्यंत उतरवता आल्या तर उतरवा, आणि उतरवलेल्या फांद्या अंगणातून बाहेर टाका. अर्धवट कापलेली फांदी तशीच लटकत ठेवू नका. झाडावरचे मोठे फणस मात्र सगळे काढा, तेवढं वजन कमी, आणि खायला होतील. माडावर चढणारा माणूस मिळाला तर तयार नारळ आणि सुक्या झावळ्या आधी उतरवून घ्या. झावळी दिसते हलकी, पण देठाच्या बाजूने काच फोडून आत येते.

याचाच दुसरा भाग : आईवडिलांनी वारा चालू असताना दक्षिणेच्या खोलीत थांबायचं नाही. माजघरावर लाकडी माळा आहे का? जुन्या घरात असतो. मग माजघराचा उत्तरेकडचा कोपरा, माळ्याखाली. कौलं फुटून पडली तरी माळ्यावर अडतात. घराला नंतर जोडलेली स्लॅबची मोरी किंवा संडास-बाथरूम असेल तर ती त्याहून चांगली. दोन खुर्च्या, पाणी, बॅटरी, औषधं आधीच तिथे नेऊन ठेवा. हसतील, पण २०२० ला आमच्या शेजारची पाच माणसं अडीच तास सहा बाय आठच्या मोरीत बसली होती, आणि बाहेर स्वयंपाकघराचं छप्पर गेलं ते त्यांना नंतर कळलं.

दारंखिडक्या सगळ्या बंद ठेवा. एक बाजू उघडी ठेवा, दाब सुटतो, असं जुने लोक सांगतात, पण वारा फिरतो तेव्हा तीच उघडी बाजू तोंडाला येते. दाराला आतून आडणा लावा. आणि मधेच एकदम शांत झालं, ऊन पडल्यासारखं वाटलं, तर बाहेर येऊ नका. केंद्र डोक्यावर आलं असू शकतं, थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने सुरू होतो. आधीच्या वाऱ्याने ढिलं झालेलं सगळं तेव्हा पडतं.

पुण्याला आणायचं का? इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही. दोन गोष्टी मला माहीत हव्यात. एक, घर खाडीच्या पाण्यापासून किती उंच आहे. वडिलांना विचारा, त्यांच्या आठवणीतलं सर्वांत मोठं उधाण कुठवर आलं होतं. पाणी अंगणाच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, आलं असेल तर तिथे राहायचंच नाही, यावर चर्चा नको, कारण वादळाचं पाणी उधाणाच्याही वर चढतं. त्यात भरतीची वेळ जुळली तर जास्तच. भरतीचा गावठी हिशेब तुम्हाला घरीच शिकवला असेल : तिथीची पाऊणपट. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. ‘निसर्ग’ वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आलं, उधाणाचे दिवस जवळ होते, पण किनाऱ्याला लागलं दुपारी, ओहोटीच्या वेळेला. सकाळी नऊ-दहाला आलं असतं तर खाडीकाठची गोष्ट वेगळी झाली असती.

दुसरी गोष्ट, वाडीत दोन-तीनशे पावलांवर चढावर स्लॅबचं घर कुणाचं आहे. असेल तर माझ्या मते तेच पुणं. तिथे परवा सकाळी न्याहारी करून जायचं आणि वारा पूर्ण पडेपर्यंत थांबायचं. पुण्यालाच आणायचं ठरलं तर उद्या दुपारच्या आत गाडी ताम्हिणी किंवा वरंध चढलेली हवी. परवा घाटात झाडं आणि दरडी रस्त्यावर येतील, तेव्हा गाडीत असण्यापेक्षा घरातली मोरी बरी.

म्हातारी माणसं निघत नाहीत, ही खरी अडचण. आमच्याकडे एक आजी होत्या, घर अगदी पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागून. सगळे सांगून थकले. त्यांचं एकच, “देवाला एकटं टाकून मी कुठं जाऊ?” शेवटी पुतण्याने कोऱ्या टॉवेलात देवांचे टाक गुंडाळले, पिशवीत घातले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. मग निघाल्या. वाटेत म्हणे तेवढंच विचारत होत्या की निरांजन घेतलं का. तुमच्या वडिलांचा देव कदाचित गोठ्यात असेल. गाय असेल तर तिला दाव्याला बांधून ठेवू नका. गोठ्याचं छप्पर पडलं की बांधलेलं जनावर अडकतं. मोकळ्या जागी, झाडांपासून दूर सोडा.

आतापर्यंत तुमच्या घराचं बोललो. पण घराचं नुकसान बहुतेक वेळा शेजारून येतं. बंद घर, मालक मुंबईला, परसात रचलेले जुने पत्रे, बांधकामाचं राहिलेलं प्लायवूड, रिकामी काळी टाकी. हजार लिटरची रिकामी टाकी मी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत गेलेली पाहिली आहे. तीच भरलेली असली तर एक टनाची, जागची हलत नाही, आणि नंतर पाणीही मिळतं. म्हणून उद्या सकाळी वाडीतल्या चार जणांनी एक फेरी मारावी, बंद घरांसकट. मालकाला फोन करायचा, तो उचलेल न उचलेल, सामान मात्र आडवं करून बांधायचं. डिश अँटेना, सोलरच्या पट्ट्या, अंगणातला झोपाळा, कुंड्या. वहाळात साचलेला पालापाचोळा आणि बाटल्या तेव्हाच काढून टाका, कारण वाऱ्याबरोबर पाऊसही त्याच दिवशी कोसळतो.

त्याच फेरीत कोण एकटं राहतं, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, हे कागदावर लिहा. फोनमध्ये नको, कागदावर. प्रत्येकासमोर एका तरुणाचं नाव. दोन कोयते, एक करवत, झाड कापायची मशीन कुणाकडे असेल तर तिचं पेट्रोल आणि साखळी, जाड दोर, हे सगळं एकाच घरात ठेवा. वादळ संपल्यावर पाखाडी (वाडीतली दगडी पायवाट) आणि रस्ता मोकळा करायला सरकारी यंत्रणा यायला वेळ लागतो, आणि तोवर रुग्णवाहिकाही येत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, तोही त्याच कागदावर.

घरातल्या बारीक गोष्टी भरभर सांगतो. बीपी-शुगरची औषधं पंधरा दिवसांची. इन्शुलिन असेल तर वीज गेल्यावर कुठे ठेवायचं ते डॉक्टरांना आजच विचारा, आमच्याकडे ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवतात. रोख पैसे, कारण वीज नाही म्हणजे एटीएम नाही. गॅसचा रेग्युलेटर बंद, वारा सुरू झाला की मेन स्विच बंद. घरपट्टीची पावती, पासबुक, आधार जाड पिशवीत. आणि उद्या उजेडात घराचे चारही बाजूंनी, छपरासकट, फोटो काढून ते तुमच्याकडे पुण्याला पाठवायला सांगा. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा लोकांकडे मोडलेल्या घराचे फोटो असतात, धड घराचा एकही नसतो.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे आम्ही फसलो. निसर्गानंतर आमच्या वाडीत वीज तेविसाव्या दिवशी आली. नळयोजना बंद, विहिरीवरचे पंप बंद. विहीर काठोकाठ भरलेली, आणि पाणी काढायला काहीच नाही. रहाट कधीच मोडून विकलेला, पोहरा कुणाच्या घरी नाही, दोर म्हणावा तर गुरांची दावी. पहिले तीन दिवस आम्ही ऑइलपेंटच्या डब्याला नायलॉनची दोरी बांधून पाणी शेंदलं. दोरीने हात कापले. एका विहिरीत एवढे डबे सुटून पडले की नंतर ते काढायला गळ टाकावा लागला. आता माझ्या पडवीत वर्षभर एक पितळी पोहरा आणि साठ फूट सुती दोर टांगलेला असतो. शिवाय विहिरीत पाला आणि गढूळ पाणी गेलेलं असतं, तेव्हा ग्रामपंचायतीतून टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आधीच आणून ठेवायची आणि पिण्याचं पाणी उकळायचं.

शेवटचं तुमच्यासाठी. परवा दुपारनंतर फोन लागणार नाही. टॉवर पडतो किंवा त्याची बॅटरी संपते, एवढाच त्याचा अर्थ घ्या. निसर्गानंतर आमच्या भागातल्या काही मुलांनी घाबरून त्याच रात्री मुंबईहून गाड्या काढल्या आणि दोन दिवस रस्त्यात पडलेल्या झाडांच्या मागे अडकून बसली. आजच वडिलांशी ठरवून ठेवा की खेडला किंवा महाडला जाणारा वाडीतला पहिला माणूस तुमचा नंबर खिशात घेऊन जाईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्याची खात्री करून निघा. येताना कौलं आणू नका, ती जुळत नाहीत. जाड ताडपत्री दोन, बांधणीची तार, खिळे, मेणबत्त्या, काड्यापेट्या, आणि दोर-पोहरा घरात नाही असं वडील म्हणाले तर तुळशीबागेतून एक पोहरा घेऊन या.